‘मेटाबोलाइट’ला काय म्हणायचं? आणि ‘बायोमार्कर’ला?

अंबाझरीचा बगळा
वनरक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत आणतोय. विषय असा: जंगलातून पानं, माती, विष्ठा गोळा करायची, त्यातली मेटाबोलाइट, म्हणजे पेशीतली लहान द्रव्यं, तपासायची आणि जैवविविधतेचं बरंवाईट लवकर कळेल अशा खुणा, म्हणजे बायोमार्कर, शोधायच्या. पहिला मथळा केला ‘चयापचयजांच्या विश्लेषणाद्वारे जैवविविधता संनियंत्रणार्थ जैवसूचकनिश्चिती’. घरी वाचून दाखवला तर बाबा म्हणाले, “अपचनावर काही औषध सांगितलंय का यात?” सुचवा काहीतरी.

धातूसाधित
तुमच्या बाबांसारखेच पुष्कळ जण फसतात, पण ‘अपचय’चं ‘अपचन’शी काही नातं नाही. पचन ‘पच्’ धातूचं, म्हणजे शिजणं. चय ‘चि’ धातूचा, म्हणजे गोळा करणं, रचणं. संचय, समुच्चय त्याच घरातले. शरीर रचतं तो चय, मोडतं तो अपचय. दोन्ही मिळून चयापचय. आयुर्वेदातही दोष साठण्याला चयच म्हणतात. या व्यवहारातून जन्मतं ते चयापचयज, जलजसारखं. शब्दात खोट नाही. फक्त तीन ‘च-य-ज’ एका दमात म्हणताना जीभ अडखळते. हिंदीवाले ‘उपापचय’ म्हणतात, ते तर आणखी अवघड.

मोहफूल
राजेहो, जंगलात हा शब्द कोण बोलणार? वनरक्षकाले ‘चयापचयज आण’ म्हटलं तर तो कोणतं झाड म्हणून विचारंल. नागपुरात कोशकार रघुवीरांनी शब्दांचे कारखाने चालवले होते, त्यातले किती लोकांच्या तोंडी राह्यले ते पाहा.

धातूसाधित
रघुवीरांची थट्टा करणं सोपं असतं हो. ‘संसद’पासून ‘विधी’पर्यंत आज आपण सहज वापरतो ते पारिभाषिक शब्दही कधीतरी नवेच होते. पण मोहफूलचा मुद्दा खरा आहे, वाचक कोण ते आधी ठरवा.

काचपट्टी
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून अर्थाकडून येते. मेटाबोलाइट म्हणजे पेशीतले लहान रेणू: शर्करा, अमिनो आम्लं, पानातली टॅनिनं, पळसाच्या फुलाला केशरी करणारी फ्लॅव्होनॉइडं. ही झाली रचलेली. आता वाघाचं बघा. ताण आला की रक्तात संप्रेरक वाढतं, यकृत ते मोडतं आणि मोडलेले तुकडे विष्ठेतून बाहेर पडतात. त्या तुकड्यांनाही मेटाबोलाइटच म्हणतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेतले हे तुकडे मोजले. पर्यटनाच्या हंगामात ते जास्त निघाले आणि गाड्यांच्या संख्येशीही त्यांचा संबंध दिसला. 2019 मध्ये ते छापून आलं. वाघाला हातही न लावता! म्हणजे एकाच शब्दात चयही आहे आणि अपचयही. त्या अर्थी ‘चयापचयज’ अगदी बरोबर बसतो. तरी पुस्तिकेत मी ‘पेशीतली द्रव्यं’ किंवा सरळ ‘मेटाबोलाइट’ लिहीन.

अंबाझरीचा बगळा
पटलं. आणि ‘बायोमार्कर’ला जैवसूचक चालेल ना?

काचपट्टी
नाही! इथेच घोळ होतो. जैवसूचक हा शब्द ‘बायोइंडिकेटर’साठी रुळलाय, आणि तो सजीव असतो. सावजी मसाल्यातलं दगडफूल घ्या. ते शैवाल आणि बुरशीचं एकत्र बिऱ्हाड. हवेत गंधकाचा डायऑक्साइड वाढला की त्याच्या पुष्कळ जाती टिकत नाहीत. दगडफूल दिसेनासं झालं तर हवेत काहीतरी बिघडलं असणार. तिथे दगडफूल हा जैवसूचक. पण त्याच दगडफुलातलं एखादं आम्ल मोजून तुम्ही त्याची अवस्था ओळखली, तर ते आम्ल बायोमार्कर. एक जीव, दुसरी त्या जीवातली मोजता येणारी गोष्ट.

मोहफूल
मग ‘खूण’ म्हणा ना. वाघाच्या पंजाची खूण, झाडावर नखांची खूण. जंगलातल्या माणसाले हा शब्द समजावून सांगाव नाही लागत. ‘जैवखूण’.

धातूसाधित
‘जैव’ संस्कृत, ‘खूण’ मराठी. असा संकर कानाला खटकतो, पण चालतो. ‘रेल्वेमार्ग’ चालतोच की. ‘मार्कर’साठी ‘चिन्हक’ही म्हणता येईल, पण त्यापेक्षा ‘खूण’ जिवंत आहे.

काचपट्टी
एक अडचण मात्र आहे. पंजाची खूण दिसली की वाघ येऊन गेला हे नक्की. रसायनाची खूण इतकी पक्की नसते. पाणी कमी पडलं की झाडात प्रोलीन हे अमिनो आम्ल वाढतं, पण क्षारपड जमिनीत आणि थंडीतही वाढतं. एका आकड्यावरून निदान केलं की गडबड. म्हणून दहा-वीस द्रव्यं एकत्र बघतात. पुस्तिकेत ‘खुणा’ असं अनेकवचनच ठेवा. आणि हो, पान तोडल्यावरही आतली रसायनं बदलत राहतात, म्हणून नमुना लगेच उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. ‘गोठवणे’ लिहा, ‘थंड करणे’ नको. फ्रीजमधल्या भाजीसारखं वाटतं.

मोहफूल
‘विष्ठा’ ठीक हाय वाघाले, पण चितळाच्या ‘लेंड्या’ लिहा बावा. नाहीतर पोरं हसतात.

अंबाझरीचा बगळा
लिहिलं. मथळा आता ‘पेशीतल्या द्रव्यांवरून जंगलाच्या प्रकृतीच्या खुणा’. ‘चयापचयज’ आत एकदाच, व्युत्पत्तीसकट. ‘संनियंत्रण’ मात्र आतल्या मजकुरातून काढता येणार नाही, सरकारी पत्रात तोच शब्द आलाय. तोंडी ‘देखरेख’ म्हणेन.

धातूसाधित
राहिलं एकच: ‘तो मेटाबोलाइट’ की ‘ते’? वर तुम्ही नपुंसकलिंगी वापरलंय. माझंही मत ‘ते’, कारण मनात ‘द्रव्य’ असतं.

काचपट्टी
आमच्या प्रयोगशाळेत सर्रास ‘तो’ म्हणतात. मनात ‘रेणू’ असतो म्हणून असेल.