रोज टेकडी चढूनही वजन का उतरत नाही?

कोथरूडची टेकडीवाली

नमस्कार. माझे वय ४४ असून मी कोथरूडला राहते आणि हिंजवडीत पूर्णपणे बैठ्या स्वरूपाची नोकरी करते. जानेवारीत केलेल्या तपासणीत वजन ७४ किलो, उंची १५८ सेंटीमीटर आणि कंबर ९६ सेंटीमीटर भरली; थायरॉइडचा अहवाल व्यवस्थित होता, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) ५.९ आले. डॉक्टरांनी 'खाणे सांभाळा, व्यायाम करा' एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस मी सकाळी सव्वासहाला वेताळ टेकडीवर जाते आणि पाऊण तासात सुमारे चार किलोमीटर चालते. मुलाच्या दहावीच्या परीक्षेचा काळ वगळता यात खंड पडलेला नाही. आता जून उजाडला, आणि वजन आहे ७२.६ किलो! पाच महिन्यांत जेमतेम दीड किलो, आणि तेही बहुतेक मार्चपर्यंत. त्यानंतर काटा हलायला तयार नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नाही. व्यायामशाळेतील प्रशिक्षक पोळी आणि भात बंद करून प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात, नणंद दिवसातून दोनदाच जेवायचा आग्रह धरते, तर सासूबाईंच्या मते आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांची अंगकाठी चाळिशीनंतर अशीच होते. यातले काय धरावे आणि काय सोडावे, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

पेठेतला हिशेबनीस

ताई, मी आयुष्यभर लेखापालाचे काम केले आणि निवृत्तीनंतर स्वतःचे अकरा किलो वजन तीन वर्षांत उतरवले. तेव्हा उत्तर हिशेबाच्याच भाषेत देतो.

तुमच्या वजनाच्या माणसाने चार किलोमीटर चालल्यास, स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा खर्च झाली असती त्याहून जास्तीच्या साधारण १५० ते २०० कॅलरी खर्च होतात; टेकडीचा चढ यात धरला आहे. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे फार तर हजार. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. याचा अर्थ, खाणे कणभरही न वाढवता नुसते चालत राहिलात, तर एक किलो उतरायला आठ ते दहा आठवडे लागणार. पाच महिन्यांत कागदावर दोन-अडीच किलो निघतात आणि प्रत्यक्षात नेहमीच त्याहून थोडे कमी निघतात, कारण वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो. तेव्हा तुमचे चालणे वाया गेलेले नाही. चालण्याने जेवढे द्यायचे तेवढे दिले आहे. आपणच त्याच्याकडून पाचपट मागत होतो.

उरलेले स्वयंपाकघरात शोधावे लागेल. त्यासाठी एकच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये: तेलाचा पाच लिटरचा डबा तुमच्याकडे किती दिवस पुरतो? चार माणसांना तो महिनाभर पुरत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३८ ग्रॅम तेल जाते आणि त्याच्या ३४० कॅलरी होतात. भाजी तेलकट नाही असे प्रत्येक घरात सांगितले जाते. माझ्याही घरात सांगितले जात होते. डब्यावर मार्करने तारीख लिहून ठेवली, तेव्हा वाद मिटला.

शिवाय चार दिवस, त्यात एक रविवार धरून, तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ लिहून काढा आणि इथे मांडा.

कोथरूडची टेकडीवाली

काका, तुमचा डब्याचा प्रश्न वाचून किराण्याच्या पावत्या काढल्या. चार माणसांना पाच लिटर तेल चोवीस दिवस पुरले आहे. हे लिहितानाही लाज वाटते.

खाण्याची नोंद अशी आहे. टेकडी उतरल्यावर आम्हा चौघी मैत्रिणींचा चहा होतो, दोन चमचे साखरेचा, आणि त्याबरोबर दोन खाऱ्या. घरी आल्यावर पोहे किंवा उपमा. डब्यात तीन पोळ्या आणि एक सुकी भाजी. चार वाजता कचेरीत चहा आणि कोणीतरी आणलेले भडंग किंवा बाकरवडी. घरी पोहोचायला साडेआठ होतात. स्वयंपाक करता करता चिवड्याच्या डब्यात किती वेळा हात जातो, ते मला या चार दिवसांतच कळले. पावणेदहाला जेवण: पोळी, भाजी, वरण-भात. रविवारी सकाळी बाहेर मिसळ. गुरुवारी उपवास असतो आणि त्या दिवशी सकाळी व डब्यात साबुदाण्याची खिचडी असते. निदान तो एक दिवस तरी कमी खाल्ले जाते.

आहारशास्त्राची अभ्यासक

शेवटच्या वाक्यावरच थांबते, कारण गोम तिथेच आहे. घरात होणाऱ्या खिचडीच्या एका मोठ्या वाडग्यात साधारण ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि १५ ग्रॅम तूप असते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. त्याच्या २६०, कुटाच्या १७० आणि तुपाच्या १३५ मिळून सुमारे ५६५ कॅलरी होतात, आणि प्रथिने मात्र आठ ग्रॅमच्या आसपास, तीही शेंगदाण्याच्या कृपेने. असे वाडगे दिवसातून दोनदा खाल्ले तर हजाराच्या वर आकडा जातो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे आपल्या आज्या म्हणत, त्यांनी कॅलरी मोजल्या नव्हत्या, पण निरीक्षण बिनचूक होते. श्रद्धेला धक्का न लावता गुरुवारी सकाळी दही आणि फळ, दुपारी वरीचे तांदूळ, बेताची दाण्याची आमटी आणि काकडीची भरपूर कोशिंबीर असे करून पाहा.

आता तेल. चोवीस दिवसांचा हिशेब माणशी रोज ५२ मिलिलिटरवर जातो. बैठे काम करणाऱ्या माणसाला वरून घातलेले तेल-तूप सगळे मिळून दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरेसे असते. तोच डबा पंचेचाळीस दिवस पुरवता आला, तर माणशी रोज सुमारे २०० कॅलरी कमी होतात, म्हणजे टेकडीची एक अख्खी फेरी, आणि तीसुद्धा तुमच्या यजमानांच्या आणि मुलाच्या वाट्याला फुकटात. फोडणीला बाटलीतून धार धरण्याऐवजी चहाचा चमचा वापरावा, वांगी-बटाट्याच्या भाज्या झाकण ठेवून वाफेवर शिजवाव्यात. तळण महिन्यातून एकदा करायचे असेल तर खुशाल करा. खरा खप रोजच्या फोडणीचा असतो.

पोळी आणि भात बंद करण्याची गरज मला दिसत नाही. ज्वारीची भाकरी 'हलकी' म्हणून मोठमोठ्या तीन खाल्ल्या, तर तीन पातळ पोळ्यांपेक्षा ती जड पडते. प्रश्न धान्याच्या जातीचा कमी आणि मापाचा जास्त आहे. तुमच्या नोंदीत मला खटकले ते वेगळेच. दुपारच्या डब्यात डाळ नाही, उसळ नाही, दही नाही, अंडे नाही. प्रथिने इतकी तोकडी असल्यावर चार वाजता भूक लागणारच, आणि समोर बाकरवडी असल्यावर हात जाणारच. यात मनोनिग्रहाचा काही दोष नाही. तीस ग्रॅम कोरडी मटकी भिजवून उसळ केली तर सात ग्रॅम, आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. डब्यात दोन पोळ्या, वाटीभर घट्ट उसळ, तेवढीच भाजी आणि दही ठेवा. पावडर वाईट नसते, परंतु मोड आलेली मटकी मंडईत तिच्या मानाने कवडीमोलाने मिळते.

निवासी डॉक्टर, कॅम्प

वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, आज २९ च्या आसपास आहे. पाश्चात्त्य मापाने तो 'जास्त वजन' या गटात बसतो, पण भारतीयांसाठी ही रेषा २३ वर आणि स्थूलतेची रेषा २५ वर धरली जाते. स्त्रियांच्या कमरेची मर्यादा आपल्याकडे ८० सेंटीमीटर मानतात. या फरकाचे कारण समजून घेण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली होती: दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. त्यामुळे आपल्याकडे काट्याइतकीच, किंबहुना जास्त, मोजपट्टी महत्त्वाची ठरते. तुम्ही जानेवारीनंतर कंबर मोजली आहे का?

५.९ हे एचबीएवनसी मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते (५.७ ते ६.४). चेन्नईतील संशोधकांनी अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांना आहार आणि व्यायामाची शिस्त लावून पाहिली, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे सरासरी वजन फारसे उतरलेले नसतानाही घटले. काटा हलत नाही म्हणून टेकडी सोडू नका, असे मी रुग्णांना सांगतो ते याच आधारावर.

मात्र नुसते चालणे चाळिशीनंतर अपुरे पडते. रजोनिवृत्तीच्या आगेमागे स्नायू झपाट्याने घटतात आणि चरबी पोटावर जमते. सासूबाईंच्या निरीक्षणात तथ्य आहे ते एवढेच, त्याला घराण्याचे विधिलिखित समजू नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायामही सांगते. खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठबस, भिंतीला टेकून दंड, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन उचलणे, यातून सुरुवात करता येते. टेकडी उतरताना गुडघा दुखत असेल तर तो आधी दाखवून घ्या.

चांदणी चौकातून रोज

मीही हिंजवडीलाच जाते, म्हणून वरील सगळे मान्य करूनही एक अडचण नोंदवते. साडेआठला घरी पोहोचणाऱ्या बाईला 'सात वाजता जेवा' किंवा 'जेवणात शिस्त आणा' असे सांगणे सोपे असते. मी रात्रीचे जेवण दोन भागांत वाटले आहे. साडेपाचच्या सुमारास कचेरीतच दुसरा छोटा डबा खाते: अर्धी भाकरी आणि उसळ, किंवा दोन उकडलेली अंडी. त्यामुळे बस चौकात तासभर अडकली तरी घरी शिरताना जीव कासावीस होत नाही आणि चिवड्याचा डबा वरच्या फळीवरच राहतो. रात्री मग वाटीभर वरण, भाजी आणि एक पोळी पुरते. दुसरा डबा नेताना पहिले पंधरा दिवस सहकारी हसले. आता त्यांच्यापैकी दोघी आणतात.

पर्वतीच्या पायथ्याशी

नणंदबाईंच्या सल्ल्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून अनुभव सांगतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवणे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, हे मी आठ महिने पाळले. सहा किलो उतरले, कारण मधले चरणे आपोआप बंद झाले. पुढे नोकरीतील पाळी बदलली, वेळा जुळेनात आणि त्यातले चार परत आले. पद्धतीला दोष देत नाही; आपला दिनक्रम ज्या चौकटीत मावत नाही ती टिकत नाही, इतकेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पण वाचणारे इतरही असतात.

आता माझे चालणे पर्वतीवर असते. १०३ पायऱ्या आहेत आणि वर पोहोचल्यावर खारी मिळत नाही, हा तिचा मोठा गुण म्हणावा लागेल.

कोथरूडची टेकडीवाली

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवडे वाट पाहून, आकडे हाती आल्यावरच लिहायचे असे ठरवले होते.

तेलाचा नवा डबा छत्तीस दिवस पुरला. पंचेचाळीसपर्यंत गेला नाही, कारण मध्ये पाहुणे आले आणि आषाढात तळण झाले. खारी सुटली; चहातील साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आली, शून्यावर आणणे मला जमत नाही आणि तूर्त तो प्रयत्नही सोडला आहे. गुरुवारची खिचडी आता महिन्यातून एकदा होते. सर्वांत उपयोगी पडला तो साडेपाचचा दुसरा डबा. त्याने रात्रीचा चिवडा जवळजवळ आपोआप थांबला. उठबस पहिल्या दिवशी सात झाल्या आणि दोन दिवस जिना उतरता येईना. आता बारा-बारांच्या तीन फेऱ्या होतात.

वजन ७०.९ किलो. कंबर जूनमध्ये डॉक्टरांनी विचारल्यावर मोजली तेव्हा ९३ भरली होती, म्हणजे काटा रुसलेला असतानाही ती तीन सेंटीमीटरने कमी झाली होती. आज ती ९१ आहे. एचबीएवनसीची पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये करणार आहे.

पावसाने टेकडीची वाट निसरडी झाल्यामुळे सध्या सोसायटीचाच सहा मजल्यांचा जिना चढते आणि गुडघ्यांसाठी उतरताना लिफ्ट वापरते. वॉचमनला हा प्रकार अजून उलगडलेला नाही. रविवारची मिसळ तेवढी ठेवली आहे, फक्त जादा पाव मागवत नाही.