२५ मीटर पिस्तूल : स्पर्धेत रॅपिडमध्येच अडकतं, कारण कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी २५ मीटर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळते. .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची काडतुसं. स्पर्धेत प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या पहिल्या टप्प्याच्या) ३० गोळ्या बिनतक्रार जातात. रॅपिड (झटपट मारायचा दुसरा टप्पा) सुरू झालं की मात्र मधल्याच एखाद्या सिरीजला पिस्तूल दगा देतं. ३ सेकंदांत एक गोळी मारायची असताना असं झालं की पुढची सगळी लय जाते, फार जिवाला लागतं.

प्रकार दोन आहेत. कधी रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टमध्ये (काडतुसामागे मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) चिमटते आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहते. कधी ट्रिगर दाबल्यावर नुसता 'टक' आवाज येतो. नंतर काढलेल्या काडतुसाच्या कडेवर फायरिंग पिनचा ठसा असतो, पण पुसट.

नियमाप्रमाणे पिस्तूल टार्गेटकडेच रोखून ठेवते, बोल्टला हात न लावता रेंज ऑफिसरला बोलावते. आपणच उघडलं तर तो मालफंक्शन (बिघाड) ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे तिथे नीट न्याहाळायला मिळत नाही. मॅगझिन बदलून पाहिली, बॅरल स्वच्छ आहे. सरावात सगळं सुरळीत चालतं. नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं असं मला वाटतं : बोल्ट जड झालाय. मागे पूर्ण जात नाही म्हणून पुंगळी फेकली जात नाही, आणि पुढे पूर्ण बसत नाही म्हणून पिनचा जोर बोल्ट बसवण्यातच खर्च होतो. ठसा पुसट येतो तो त्यामुळे. .२२ च्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं. ते, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी कडक थर धरतात. बॅरलमधून ब्रश फिरवून तो निघत नाही. चेंबर वेगळं घासा, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची घाण टोकदार काडीने कोरून काढा, आणि तेल अगदी पातळ, नावापुरतं लावा.

न उडालेली काडतुसं टाकू नका, ठसे पाहा. ठसा खोल असूनही उडालं नसेल तर दोष काडतुसाचा. रिमफायरमध्ये (कडेवर पिन आपटून पेटणाऱ्या अशा काडतुसात) स्फोटक मसाला कडेच्या आत पसरलेला असतो, एखादी जागा कोरडी राहून जाते. आणि 'टक' झाल्यावर सरावातही पिस्तूल किमान अर्धा मिनिट टार्गेटकडेच राहू द्या, काडतूस उशिरा पेटू शकतं.

एक विचारतो, सरावात प्रिसिजन आणि रॅपिड सलग मारता का?

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मॅगझिनवर खुणा करून ठेवा. अडकणं एकाच मॅगझिनला होत असेल तर तिचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का, स्प्रिंग सैल झालीय का, ते बघा. आणि एखादी गोळी 'फुस्स' अशी दबकी वाजली तर पुढची अजिबात मारू नका, आधीची बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. रेंज ऑफिसरला तेही सांगा.

धागाकर्ती

नाही, सलग नाही! प्रिसिजन एका दिवशी, रॅपिड दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये पिस्तूल साफ होतं. म्हणजे स्पर्धेइतकी काजळी सरावात कधी साचतच नाही. आता चेंबर घासून ६० च्या ६० गोळ्या मध्ये साफ न करता मारते, पुंगळ्या क्रमाने लावून ठेवते आणि इथेच कळवते. दोघांचे मनापासून आभार.