तालुक्याच्या वाचनालयाला स्वतःचं ॲप कशाला? एक फोन पुरे (चर्चा)

साकव

कोकणातल्या तालुका वाचनालयांच्या बैठकीत हल्ली ‘आपलं ॲप काढू या’ हा विषय निघतोच. देणगीदार मुंबईचा, ॲप बनवणारा त्याच्या ओळखीतला. गणपतीला चाकरमानी आले की उद्घाटन, आणि शिमग्याला ॲप बंद. कारण ठरलेलं आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते, जुनं ॲप वेळेवर सुधारलं नाही तर प्ले स्टोअर ते नव्या फोनवर दाखवत नाही, आणि बनवणाऱ्याला तोवर नोकरी लागलेली असते.

माझं म्हणणं असं की वाचकाला यादी नको असते. ‘हे पुस्तक आहे का, आणि आत्ता मिळेल का?’ एवढ्या प्रश्नाचं उत्तर त्याला वाडीवरून उठून दहा किलोमीटर येण्याआधी हवं असतं. ते द्यायला लागतं इतकंच:

एक स्वतंत्र सिम, संस्थेच्या नावावर. ग्रंथपालाच्या खासगी नंबरवर हे सुरू करू नका. ग्रंथपाल बदलला की सगळे वाचक त्याच्याबरोबर जातात. रिचार्जची तारीख खर्चाच्या वहीत लिहून ठेवा, कारण बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते.

त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. द्विस्तरीय पडताळणीचा सहा आकडी पिन पाकिटात घालून कार्यवाहांकडे. वाचनालयाची वेळ, पत्ता आणि बंद वेळेत आपोआप जाणारा निरोप आधी भरून ठेवा. तयार उत्तरं चार पुरतात: ‘आहे, राखून ठेवलं’, ‘बाहेर गेलंय, अमुक तारखेला येईल’, ‘आपल्याकडे नाही’, ‘मुदत वाढवली’.

मागे एक गूगल शीट. स्तंभ सहाच: दाखल क्रमांक, लेखकाचं आडनाव, लेखकाचं नाव, शीर्षक, प्रकार, कपाट-फळी. बारा हजार पुस्तकं असतील आणि एका नोंदीला दोन मिनिटं धरली तर चारशे तास होतात. रोज चार तास बसलं तरी शंभर दिवस. एवढं सलग कुणी बसत नाही. म्हणून कपाट एकपासून सुरुवात करूच नका. देवघेवीत परत आलेलं पुस्तक फळीवर जाण्याआधी शीटमध्ये जाईल, एवढा एकच नियम करा. जे वाचलं जातं ते आपोआप आधी नोंदलं जातं, आणि वीस वर्षं न हललेली पुस्तकं शेवटी राहतात. त्यांच्यासाठी कुणी निरोप पाठवणारही नाही.

राखून ठेवलेलं पुस्तक कामकाजाचे तीन दिवस काउंटरवर ठेवावं, आत चिठ्ठी घालून. त्यानंतर फळीवर.

दाखलक्रमांक

ॲप नको, मान्य. पण शीट हा रोगापेक्षा वाईट उपाय आहे. एकाने फक्त लेखकाचा स्तंभ निवडून अकारविल्हे लावला की हजारो पुस्तकांचे लेखक बदलतात आणि चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय शीटमध्ये देवघेव नाही. पुस्तक कुणाकडे आहे ते वहीत, आणि आहे की नाही ते शीटमध्ये, अशी दोन तोंडं झाली की ‘आहे’ म्हणून बोलावलेला वाचक रिकाम्या हाताने परत जातो.

कोहा हे वाचनालय चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, न्यूझीलंडमध्ये २००० पासून वापरात आहे. त्याचं सूचिपान मोबाइलवर नीट दिसतं, वाचक स्वतः मुदत वाढवतो, स्वतः मागणी नोंदवतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून छोट्या वाचनालयाचं काम निघतं.

मराठीसाठी एक गोष्ट मात्र आधी करावी लागते. कोहात शोधासाठी झेब्रा हे इंजिन वापरत असाल तर शोधसूची आयसीयू (युनिकोड लिप्या हाताळणाऱ्या) पद्धतीवर बदलून घ्या, नाहीतर देवनागरी शोध धड चालत नाही. ते न करता ‘कोहाला मराठी येत नाही’ म्हणून सोडून देणारे बरेच आहेत.

पाणंद

तां सगळा बरा, पण लाईट गेल्यार काय करूचा?

मस्करी सोडा. जून ते सप्टेंबर इथे वीज कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, पुढे डिझेल नसेल तर रेंजही जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडून आत शिरलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तुमचा कोहाचा सर्व्हर आणि साकव यांची शीट दोन्ही त्या दिवसांत शून्य.

आणि सभासद कोण आहेत ते बघा. मुलं पुण्या-मुंबईला, घरी साठीच्या पुढची माणसं. पुष्कळांच्या हातात बटणांचा फोन. त्यांच्यासाठी मोबाइल तंत्रज्ञान म्हणजे मिस्ड कॉल. त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, ग्रंथपालाने ठरलेल्या तासात उलट फोन करायचा, पुस्तक काढून ठेवायचं, आणि आठवडा बाजाराला येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती पाठवायचं. शेजाऱ्याची सही घ्यायची, एवढंच.

साकव

@दाखलक्रमांक, स्तंभ उलटापालटा होण्याची भीती खरी आहे. उपाय दोन: पुस्तकाच्या नोंदीचे सगळे स्तंभ संरक्षित करून टाकणं, आणि क्रमवारी लावायची असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरणं, म्हणजे मूळ ओळी हलत नाहीत. संपादनाचा हक्क दोघांनाच. चूक झालीच तर आवृत्ती-इतिहासातून आदल्या दिवशीची शीट परत आणता येते.

दोन तोंडांचं म्हणाल तर सातवा स्तंभ घ्या, ‘बाहेर’. पुस्तक गेलं की सभासद क्रमांक टाका, आलं की खोडा. वही चालूच ठेवायची, तपासणीला नोंदवह्या दाखवाव्या लागतातच.

आता तुमचा कोहा. वाचनालयाच्या साध्या ब्रॉडबँडला बहुधा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता नसतो, म्हणून आतला संगणक बाहेरच्या मोबाइलला दिसत नाही. म्हणजे भाड्याचा सर्व्हर, डोमेन, दोन्हीचं दरवर्षी नूतनीकरण. अनुदान येतं हप्त्यांत, आणि नूतनीकरणाची तारीख त्याची वाट बघत नाही. हे सांभाळणारा माणूस जिल्ह्याच्या गावी मिळेलही. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान वाचनालयाने तो कुठून आणायचा?

रेवदंडा_पुळण

एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. कृपा करून नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बायकांना नको ते फोन येतात आणि त्या वाचनालयच सोडतात. ‘पुढील सभासदांनी पुस्तके परत करावीत’ अशी नावानिशी यादी ग्रुपवर टाकणं तर निव्वळ अब्रू काढणं आहे.

ब्रॉडकास्ट यादीत नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण तिचे दोन नियम लोक विसरतात. एका यादीत २५६ जणच मावतात. आणि ज्याने वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला निरोप पोहोचतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेलं. म्हणून सभासदत्वाचा अर्ज घेताना काउंटरवरच नंबर साठवून घ्यावा आणि त्यांच्याकडून ‘नमस्कार’ असा एक निरोप पाठवून घ्यावा. नव्या पुस्तकांच्या जाहिरातीसाठी चॅनेल बरं. तिथे वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि नंबर साठवायची अटही नाही.

बालविभागाचं वेगळं. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. मुलाचा नंबर घेऊच नका. पालकांचा घ्या, अर्जावर सही घ्या.

दाखलक्रमांक

मुदतीच्या आठवणीसाठी एसएमएस का नको? बटणांच्या फोनवरही जातो, डेटा लागत नाही.

रेवदंडा_पुळण

कारण संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांखाली डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग प्रत्येक मजकुराच्या साच्याची मंजुरी. एक शब्द बदलला की निरोप अडतो. शिवाय इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. ‘पुस्तक’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द तिथे सहा जागा खातो. ७० च्या पुढे गेलं की दोन निरोपांचे पैसे. तीनशे सभासदांच्या वाचनालयाला हा व्याप परवडत नाही. पाणंद म्हणतात तो फोन स्वस्त पडतो.

माडाचीवाडी

मधला मार्ग आहे आणि तो सोपा आहे. सूची तयार नसेल तर कपाटांचे फोटो काढा. एका फोटोत एकच फळी, जास्तीत जास्त तीस पुस्तकं. फ्लॅश बंद, प्लॅस्टिकच्या वेष्टनावर तो चमकतो आणि नेमकं शीर्षकच पांढरं होतं. सकाळी खिडकीच्या उजेडात, फोन फळीच्या उंचीला धरून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर बारीक अक्षरं पुसली जातात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वाचक हव्या त्या पुस्तकावर बोटाने गोल काढून फोटो परत पाठवतो. टंकलेखन शून्य, दोन्ही बाजूंना.

वाडीवर पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी ठेवत असाल तर याच फोटोवर हिशेब राहतो. पेटी जाताना एक फोटो, येताना एक. दोन्ही शेजारी ठेवले की कुठलं राहिलं ते दिसतं.

पेटीच्या गावांत ‘पीडीएफ का पाठवत नाही?’ असं मात्र नेहमी विचारलं जातं. नवी कादंबरी स्कॅन करून चॅनेलवर टाकली तर काय होतं?

दाखलक्रमांक

कायदा मोडतो, दुसरं काय. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून पुढची ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. १९६५ पर्यंत वारलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. अनुवाद असेल तर अनुवादकाची ६० वर्षं वेगळी मोजा, इथे बरेच फसतात. आपल्याकडच्या जीर्ण प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवायला सार्वजनिक वाचनालयाला मुभा आहे. ती प्रत सभासदांत वाटायला नाही.

मोफत आणि कायदेशीर हवं असेल तर मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आहे, आयआयटी खरगपूरचं नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. दुवे छापून काउंटरवर लावा. दृष्टिहीन वाचकांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय चालू आहे. अँड्रॉइडचं टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्याने वाचणारी सोय) युनिकोड मजकूर वाचतं, स्कॅन केलेल्या पानाचा फोटो त्याला नीट वाचता येईलच असं नाही. ‘पीडीएफ दिलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणि साकव, युनिकोडवरून आठवलं. तुमच्या शीटमध्ये दोन माणसं टंकलेखन करणार. एक ‘दुसऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ऱ वापरणार, दुसरा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तेच, शोधाला वेगळं. ‘ॲ’ चंही तसंच. शोधलं की ‘नाही’ येणार आणि तुम्ही वाचकाला ‘आपल्याकडे नाही’ कळवणार. एकच कळफलक ठरवा, भिंतीवर लिहा. जुन्या संगणकावरची श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली) यादी तशीच चिकटवू नका, आधी युनिकोडमध्ये बदला.

साकव

हा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. रोमन लिपीत शीर्षकाचा आणखी एक स्तंभ ठेवला तर चांगलं. निम्मे वाचक मराठी रोमन अक्षरांतच लिहितात, ते चिकटवून शोधता येतं.

पण आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) स्कॅन करून नोंदी आपोआप भरतील या आशेवर राहू नका. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. अशा जुन्या संग्रहांत आयएसबीएन नसलेलीच पुस्तकं फार, आणि नव्या मराठी पुस्तकांचीही माहिती बाहेरच्या सूचींत पुष्कळदा सापडत नाही.

पाणंद

वीज गेली की शीट आणि कोहा शून्य असं मी म्हणालो, पण कागदाची उलट बाजूही सांगतो. चिपळूणला २००५ ला पूर आला, २२ जुलै २०२१ ला पुन्हा. तळमजल्यावरची दाखल नोंदवही भिजली की काय गेलं हेच सांगता येत नाही, मग भरपाई कसली मागणार? तेव्हा फोन वापरायचाच असेल तर पहिलं काम हे करा: नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो. शंभर पानांची वही तासाभरात होते. ते फोटो वाचनालयाच्या खात्यावर ठेवा आणि पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या गावच्या कुणा पदाधिकाऱ्याकडे द्या. शीट, कोहा, काय ते भांडण नंतर.

वर्गणीच्या यूपीआय कोडबद्दलही. खातं संस्थेचं हवं. शेऱ्यात सभासद क्रमांक लिहायला सांगा, नाहीतर महिनाअखेरीस सारखी रक्कम भरणाऱ्या वीस जणांतून कोण कुठला ते कळत नाही. स्क्रीनशॉटवर पावती फाडू नका, खात्यात आलेलं बघून फाडा.

दाखलक्रमांक

साकव, एवढं करा: आडनाव-नाव वेगळे स्तंभ तुम्ही ठेवलेच आहेत, त्यात प्रकाशक आणि वर्ष हे दोन वाढवा. म्हणजे उद्या कोहात जायचं ठरलं तर कोहाच्या नोंदीतल्या ठरलेल्या रकान्यांत, लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, दाखल क्रमांक ९५२ मध्ये सरळ उतरतो. न वाढवल्यास पुन्हा प्रत्येक पुस्तक हातात घ्यावं लागेल.

साकव

वाढवतो. कोहा मात्र सांभाळणारा माणूस मिळाल्यावरच. आणि बारकोड लावायचे का?

माडाचीवाडी

लावा, पण थर्मल कागदाची स्वस्त लेबलं नकोत. आपल्या उन्हा-दमटात ती काळवंडतात किंवा फिकी पडतात. रेझिन रिबनने छापलेली पॉलिएस्टरची घ्या. फक्त दाखल क्रमांकच कोडमध्ये घाला, संकेतस्थळाचा दुवा नको, तो बदलला की सगळी लेबलं वाया. मुखपृष्ठावर न लावता आतल्या पानावर लावा, आणि खाली आकडा वाचता येईल असा छापा, कॅमेरा चालला नाही तरी काम अडत नाही. दिवाळीनंतर लावायला घ्या. पावसाळ्यात कागद ओलसर असतो, गोंद धरत नाही, मार्चपर्यंत कोपरे सुटतात.