मदत हवी आहे : कोळ्याच्या पाठीवर अळी

मंडळी, परसातल्या जास्वंदीत एक चंदेरी, लांबट पोटाचा कोळी आडवं जाळं विणून बसलाय. परवा नीट पाहिलं तर पोटाच्या वरच्या बाजूला, पुढे, पांढुरकी पिवळट अळी चिकटलेली. आज ती जवळपास दुप्पट झालीय, आणि कोळी मात्र खुशाल माशा पकडतोय!

कुंभारीण माशी कोळ्यांना बेशुद्ध करून मातीच्या घरट्यात कोंबते, ते लहानपणापासून पाहिलंय. हे वेगळं दिसतंय. कोस्टारिकातल्या अशाच एका परजीवी गांधीलमाशीबद्दल कोळ्यांचे अभ्यासक विल्यम एबरहार्ड यांनी 2000 साली लिहिलं होतं. ती जाळ्याच्या मध्यावर बसलेल्या कोळ्यावर झडप घालते, नांगीने त्याला थोडा वेळ लुळा करते आणि पोटावर अंडं चिकटवते. दहा-पंधरा मिनिटांत कोळी सावरतो. पुढे आठवडा-दोन आठवडे अळी त्याचं रक्त शोषते. शेवटच्या रात्री त्याच्याकडून नेहमीचं जाळं नाही, तर स्वतःचा कोश टांगायला मजबूत दोर विणून घेते आणि मग त्याला संपवते.

माझं अडलंय ते इथे : आपल्याकडे अंडं घालताना कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? माशी थेट झेपावते, की जाळ्याला लटकून कोळ्याची वाट बघते? चिकट धाग्यांत ती स्वतः कशी अडकत नाही?

आणि घाईचा प्रश्न. शेवटचं जाळं बघायचंय, म्हणून कोळ्याला जागीच ठेवलाय. पण पाऊस जोरात आहे. फांदीवर छत्री बांधू का? (घरचे आधीच हसताहेत.)