मदत हवी आहे: एम.एस्सी. करताना एक वर्ष जर्मनीत, क्रेडिट इथे कसे धरले जातील?

नमस्कार,

मी नागपुरातील एका स्वायत्त महाविद्यालयात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयाचा जर्मनीतील एका सार्वजनिक विद्यापीठाशी सामंजस्य करार आहे आणि त्याअंतर्गत तिथल्या एका प्रयोगशाळेने मला येत्या ऑक्टोबरपासून वर्षभरासाठी बोलावले आहे. पदवी अर्थातच इथलीच मिळणार आहे. जे स्वतः असे वर्ष बाहेर काढून परत आले आहेत, किंवा ज्यांच्या घरातील कोणी ते केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मला तिकडे कशासाठी जायचे आहे ते आधी सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यावर अवलंबून आहेत. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर असते. ती कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून पुढे प्रक्रिया केली की तिच्यापासून झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांची चौकट असलेला स्फटिकी पदार्थ) तयार करता येते. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे, आणि ते काढण्यासाठी हे झिओलाइट वापरता येईल का, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. अडचण अशी की झिओलाइटची चौकट ऋणभारित असते, त्यामुळे फ्लोराइडसारखा ऋण आयन तिला सहज चिकटत नाही. त्यासाठी तिच्यावर अॅल्युमिनियमसारख्या धातूचा संस्कार करावा लागतो. हा अॅल्युमिनियम चौकटीत बसला की बाहेरच राहिला, हे घन अवस्थेतील एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचा परिसर ओळखणाऱ्या यंत्रावर) दिसते. त्याच्या आलेखात चौकटीतल्याचे शिखर साधारण ६० पीपीएमला येते आणि बाहेरच्याचे शून्याजवळ. आज आम्ही नमुना कुरिअरने बाहेरच्या केंद्रात पाठवतो आणि काही आठवड्यांनी ईमेलवर आलेख येतो. एखादे शिखर पसरट का आले, हे विचारायचे झाले तर पुन्हा नमुना, पुन्हा शुल्क आणि पुन्हा वाट पाहणे आले. तिकडच्या प्रयोगशाळेत ते यंत्र विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन स्वतः चालवू देतात. मला ते शिकायचे आहे, आणि एका सत्रात ते होईल असे मला वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. आमच्या करारात ‘विद्यार्थ्यांची देवाणघेवाण’ हे शब्द आहेत, परंतु क्रेडिटबद्दल एकही ओळ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची परदेशी सहकार्याविषयीची विनियमावली मी वाचली. तिच्यातील ट्विनिंग कार्यक्रमात (पदवी इथली, पण काही शिक्षण परदेशी संस्थेत) परदेशी संस्थेत मिळवलेले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाहीत. आमचा अभ्यासक्रम ८८ क्रेडिटचा आहे, म्हणजे ही मर्यादा लावली तर २६ क्रेडिटच धरता येतील आणि वर्षाचे ४४ काही त्यात बसत नाहीत. पण आमची देवाणघेवाण ट्विनिंगमध्ये मोडते का? मोडत नसेल, तर किती क्रेडिट स्वीकारायचे हे महाविद्यालयाची विद्या परिषद स्वतः ठरवू शकते का, की विद्यापीठाची पूर्वमान्यता लागते? अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटच्या राष्ट्रीय डिजिटल खात्यात) असे क्रेडिट प्रत्यक्षात नोंदवून घेतलेले कोणाला माहीत आहे का?

क्रेडिटची मापेही जुळत नाहीत. तिकडे वर्षाला ६० ईसीटीएस (युरोपातील क्रेडिट) असतात आणि एका ईसीटीएसमागे घरच्या अभ्यासासह २५ ते ३० तास धरतात. आपल्याकडे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. शिवाय तिकडे १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ला उत्तीर्ण. आपले गुण तिकडे नेताना जे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात, तेच उलटे लावले तर तिथला २.३, जो तिथे चांगला मानला जातो, आपल्या दहाच्या मोजपट्टीवर ७.४ होतो. पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाला हा आकडा बघितला जाणार असल्यामुळे, तिकडच्या श्रेणी सरासरीत न धरता केवळ ‘उत्तीर्ण’ अशी नोंद करून घेता येते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

वेळापत्रकाचे उत्तर मला जवळजवळ सापडले आहे. तिकडच्या हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैपर्यंत चालतात, म्हणजे आमचे तिसरे सत्र अर्धे झालेले असताना निघावे लागेल आणि चौथ्याची परीक्षा होऊन गेल्यावर परतावे लागेल. पदवी एक वर्ष उशिरा मिळेल. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या की एम.एस्सी. पूर्ण करून जा, पण मग मी इथली विद्यार्थिनी राहणार नाही आणि करारातील शुल्कमाफीही जाईल. वर्ष मागे पडले तरी माझी तयारी आहे. तिथे केलेले काम मात्र गुणपत्रिकेवर यायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. आईला वर्ष ‘वाया जाईल’ अशी काळजी वाटते आणि तिला समजावण्यासाठी माझ्या हातात एखादा अधिकृत कागद असणे आवश्यक आहे.

पैशांचे थोडक्यात सांगते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून) निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या ठेवीला हात लावायची माझी इच्छा नाही. राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या पूर्ण पदवीसाठी असतात असे दिसते. पदवी न देणाऱ्या अशा एका वर्षासाठी राष्ट्रीयीकृत बँकेने शैक्षणिक कर्ज दिल्याचा कोणाचा अनुभव आहे का? तसेच करारांतर्गत जाणाऱ्यांनाही एपीएस प्रमाणपत्र (जर्मनीसाठी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) काढावे लागले का? त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि वेळही बराच जातो, म्हणून आधीच विचारते.

महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठातून असे वर्ष करून आलेल्यांना माझी विशेष विनंती आहे: निघण्यापूर्वी तुम्ही कोणत्या कागदावर कोणाच्या सह्या घेतल्या होत्या, आणि परत आल्यावर परीक्षा विभागाने त्यातला कोणता ग्राह्य धरला, हे शक्य तितके सविस्तर लिहावे. एखादे परिपत्रक किंवा शासन निर्णय माहीत असल्यास त्याचा क्रमांक आणि तारीख अवश्य द्यावी, म्हणजे मला तो विभागप्रमुखांसमोर ठेवता येईल. जर्मन प्रयोगशाळेला माझा होकार या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायचा आहे.