आफ्टर इफेक्ट्समध्ये इमेज सिक्वेन्सची लांबी घटते आणि कडेला काळी रेघ येते

प्रश्न

नमस्कार. एका जाहिरातीसाठी थ्रीडी विभागाकडून फिरत्या लोगोच्या २५० टिफ फ्रेम आल्या आहेत. त्या सेकंदाला २५ या हिशेबाने रेंडर केलेल्या असल्यामुळे शॉट १० सेकंदांचा भरायला हवा. परंतु आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये सिक्वेन्स (सुट्या चित्रांची एक सलग मालिका) म्हणून इम्पोर्ट केल्यावर तो सव्वाआठ सेकंदांच्या पुढे जेमतेम सरकतो आणि मधूनमधून अडखळतो. टाइम स्ट्रेच (लेअरची लांबी ताणण्याची सोय) १२० टक्के केल्यास लांबी जुळते, पण अनेक कॉम्पोझिशनमध्ये (लेअर एकत्र रचण्याच्या टाइमलाइनमध्ये) प्रत्येक लेअरवर हेच करत बसणे पटत नाही. शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीवर लोगोच्या कडेला बारीक काळी रेघ दिसते. दोन्हींचे कारण एकच असावे का?

पहिले उत्तर

कारणे वेगळी आहेत. सुट्या चित्रांच्या मालिकेत वेगाची नोंद नसल्यामुळे सॉफ्टवेअर प्रेफरन्सेसमधील आकडा गृहीत धरते आणि तो मुळात ३० असतो. २५० भागिले ३० म्हणजे तुमचे ८.३३ सेकंद. कॉम्पोझिशन २५चे असल्यास दर सहा फ्रेममागे एक गळते, म्हणून चित्र अडखळते.

प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सिक्वेन्स निवडून कंट्रोल-ऑल्ट-जी दाबा आणि उघडलेल्या ‘इंटरप्रेट फुटेज’ खिडकीत फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ भरा. हा बदल लेअरला नव्हे, मूळ फुटेजला चिकटतो, त्यामुळे सर्व कॉम्पोझिशनमध्ये आपोआप लागू होतो. मात्र आधी स्ट्रेच केलेले लेअर पुन्हा १०० टक्क्यांवर आणायला हवेत, आणि टाइमलाइनवर आधीच ठेवलेल्या लेअरचा शेवट वाढला आहे की नाही, हेही तपासावे. उरलेल्या शॉटसाठी कंट्रोल-ऑल्ट-सी ने हेच इंटरप्रिटेशन (त्या खिडकीतील सेटिंग) उचलून कंट्रोल-ऑल्ट-व्ही ने लावता येते. नेहमीच २५चे काम असेल, तर प्रेफरन्सेसमधील इम्पोर्टचा आकडाच बदललेला बरा.

दुसरे उत्तर

काळ्या रेघेबद्दल लिहितो. लोगो काळ्यावर रेंडर झाला असेल, तर कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये तो काळा आधीच मिसळलेला असतो. अशा फाइलचा अल्फा (पारदर्शकतेची माहिती) ‘स्ट्रेट’, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग न मिसळलेला, धरला गेला, की तो काळा वेगळा काढला जात नाही आणि पांढऱ्यावर उठून दिसतो. त्याच इंटरप्रेट फुटेजच्या खिडकीत ‘प्रीमल्टिप्लाइड’ (पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला) निवडून रंग काळा ठेवा. तेथील, अल्फाचा प्रकार आपणहून ओळखणाऱ्या ‘गेस’ बटणावर मी तरी विसंबत नाही; थ्रीडी विभागाला एका ओळीत विचारून घेणे अधिक खात्रीचे. कड चोक करून (आत सरकवून) रेघ झाकू नये, कारण त्यात लोगोच्या बारीक रेषाही झिजतात.

प्रश्नकर्ता

दोन्ही उपाय लागू पडले, आभारी आहे. याच जाहिरातीत मोबाइलवर चित्रित केलेला, संवाद असलेला ३०चा एक क्लिप आहे. त्यालाही २५ भरावे का?

पहिले उत्तर देणारे

त्याला मुळीच हात लावू नका. इंटरप्रेटमध्ये फ्रेम रेट बदलल्यास चित्राची लांबी बदलते, आवाजाची तशीच राहते. ओठ आणि शब्द यांचा मेळ लगेच सुटतो. ३०चा क्लिप तसाच २५च्या कॉम्पोझिशनमध्ये ठेवावा. मोबाइलचे चित्रण बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचे असते, त्यामुळे क्लिपच्या शेवटाकडे आवाज सरकलेला आढळला, तर आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (न बदलणारा) फ्रेमरेट निवडून नवी फाइल तयार करावी आणि मगच ती इम्पोर्ट करावी.