वीड मॅट अंथरा आणि खुरपं विसरा, म्हणे!

बांधावरचा: या मंचावरच्या शेजारच्या चर्चेत एकाने ठणकावून सांगितलंय की 100 जीएसएमची (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाची) काळी वीड मॅट, म्हणजे तण दाबायचं विणलेलं प्लॅस्टिकचं कापड, पेरू-लिंबापासून सोनटक्क्यापर्यंत सरसकट अंथरा, दहा वर्षं खुरप्याला हात लावायला नको. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून जरा सविस्तर.

मॅट खालून येणारं तण अडवते. वरून पडणाऱ्या बियांचं काय? दोन पावसाळ्यांत तिच्यावर धूळ आणि कुजका पाला मिळून बोटभर माती साठते. त्यात गाजरगवत रुजतं, मुळं विणीत घुसतात, आणि उपटायला गेलं की मॅटच उचलली जाते. सोनटक्का, हळद, कर्दळ, हेलिकोनिया यांचे कंद तर आडवे सरकतात. नवा कोंब तुम्ही पाडलेल्या भोकातूनच वर येईल असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं; तो मॅटखाली पिवळा पडून वळतो.

अशा वाफ्यांत पुठ्ठा घाला. टेप आणि पिना काढा, चकचकीत छपाईचे खोके वगळा. दुहेरी थर, सांधे वीतभर एकमेकांवर, वर पाणी मारून चिंब करा, मग चार इंच उसाचं पाचट किंवा पाला. झाडांच्या बुंध्याशी वीतभर जागा मोकळी. पुठ्ठा पावसाळ्यात विरतो, पण तोवर खालचं तण उजेडावाचून मेलेलं असतं. पुढे दर वर्षी फक्त पाल्याची भर.

लव्हाळाग्रस्त: खालचं तण मेलेलं असतं? जमिनीतल्या गाठींतून पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या लव्हाळ्याला कळवलंत का? त्याचा सुईसारखा कोंब ओला पुठ्ठा लोण्यासारखा भेदतो. 30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपरही (नाव पेपर, पण असतं पातळ प्लॅस्टिक) भेदतो. लोक कृषी सेवा केंद्रातून तो चंदेरी-काळा पेपर आणतात, त्यालाच मॅट म्हणतात आणि मग मॅटला शिव्या घालतात. तो भाजीच्या एका हंगामासाठी असतो, आणि त्यातून पाणीही झिरपत नाही.

विणलेली, यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर न विरणारी), 100 ते 130 जीएसएम, हीच घ्या. आधी जमीन भिजवून लव्हाळा उगवू द्या, कुदळीने वीत-दीड वीत खणून गाठी वेचा, मग अंथरा. जोड 15 सेंमीचा, यू पिना अर्ध्या मीटरवर, चारही कडा वीतभर खोल चरात गाडलेल्या. नाहीतर हरळी कडेने शिरतेच. कापलेली कड तापलेल्या उलथन्याने डागा. न डागल्यास धागे सुटतात आणि वर्षभरात भोक हातभर होतं. तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात.

सुक्यापाल्याचा: पाचट शहरात आणायचं कुठून? पाला मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक सोसायटीत पोत्यांनी पडतो आणि बंदी असूनही सकाळी सकाळी पेटवला जातो. आधी तो थांबवा, मग जीएसएम मोजा.

लव्हाळाग्रस्त: विषय तणाचा आहे, धुराचा नाही. आणि पाल्याला वाळवी लागते.

सुक्यापाल्याचा: वाळवी कोरड्या थराला लागते. थर ओला ठेवा, बुंध्याला टेकवू नका. निवडून घ्या एवढंच. सुबाभळीच्या शेंगा आल्या तर तुम्हीच तण पेरलंत. बदामाची पानं अख्खी घातली तर कौलासारखी पाणी बाहेर ओततात, ती चुरून घ्या. पर्जन्यवृक्षाचा पाला बारीक, लवकर कुजतो, म्हणून थर जाड हवा.

लव्हाळाग्रस्त: म्हणजे पाला निवडा, चुरा, भिजवा, दर वर्षी भरा. यापेक्षा खुरपणी सोपी.

सुक्यापाल्याचा: आणि तुमच्या मॅटखाली घुशींची वसाहत, ती दिसत नाही म्हणून नाही का?

बहारवाला: दोघेही थांबा. फळझाडांचा प्रश्न होता ना? पेरूचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुलं) धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. मॅट असो वा पाला, ओल टिकली की ताण बसत नाही, पानगळ होत नाही, फुलं विस्कळीत येतात. ताणाच्या काळात आळं उघडंच हवं. म्हणून मॅट एका अखंड चौकोनात नको. खोडाच्या दोन्ही बाजूंना दोन पट्टे, मध्ये जोड, म्हणजे गुंडाळून बाजूला घेता येते. शेणखतही तेव्हाच घाला. तंतुमुळं बुंध्याशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली असतात, खत तिथे.

लिंबाला तर बुंध्यापासून फूटभर काहीच नको. ओल चिकटून राहिली की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग. पावसाळ्याआधी खोडाला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि लोखंडी बादलीत नाही.

बांधावरचा: ठीक. नवीन लावलेल्या आंब्या-चिकूला पहिली तीन-चार वर्षं मॅट चालेल, पायवाटेला तर चालेलच. वाफ्यात नाही म्हणजे नाही.

लव्हाळाग्रस्त: उपकार झाले. आता त्या वाफ्यातला लव्हाळा पुठ्ठ्याने काढून दाखवा.

बांधावरचा: गाठी वेचूनच पुठ्ठा घालायचा. कुदळ काय फक्त मॅटवाल्यांनाच मिळते?

सुक्यापाल्याचा: पाला कोणाला हवा असेल तर पोती कोरडी असतानाच उचला. वळवाचा पाऊस पडला की दुप्पट जड होतात.